इंग्लंडमध्ये एजन्सीने डिपॉझिट कापलं, तर प्रत्येक पौंडाचा पुरावा कसा मागायचा

भाड्याचं घर सोडून आठ-दहा दिवस झाले की मालकाच्या वतीने ते भाड्याने देणाऱ्या एजन्सीचा ईमेल येतो. साफसफाई १८० पौंड, बेडरूमचा रंग ३०० पौंड, हॉलचं कार्पेट ६४० पौंड, आणि शेवटी एक ओळ: मान्य असल्यास कळवा, उरलेली रक्कम लगेच पाठवतो. ‘जाऊ दे, उरलेले तरी हातात येतील’ असं म्हणून बरेच जण तिथेच होकार देतात. एकदा लेखी होकार गेला की पुढचे जवळजवळ सगळे दरवाजे बंद होतात. म्हणून त्या दिवशी काहीच मान्य करू नका. ‘तपशील तपासून कळवतो’ एवढंच उत्तर पाठवा.

डिपॉझिट हे शेवटपर्यंत तुमचे पैसे असतात. त्यातून काही कापायचं असेल तर ते का आणि किती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तुम्ही निर्दोष आहात हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. एजन्सीच्या ईमेलची भाषा मात्र नेमकी उलट असते, आणि विनवण्या करत लिहिलेलं उत्तर तिला बळच देतं. विनंती करू नका, पुरावा मागा.

आधी पैसे कुठे आहेत ते शोधा

इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २००७ पासून खासगी भाडेकरूंचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत संरक्षित ठेवणं बंधनकारक आहे. अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत ते योजनेत नोंदवायचं आणि त्याच मुदतीत त्याची ठरावीक लेखी माहिती भाडेकरूला द्यायची, असा नियम आहे. हे काम एजन्सीने करायचं होतं की मालकाने, हा त्यांचा आपसातला प्रश्न.

ईमेलच्या जुन्या ढिगात तो नोंदणीचा कागद सापडत नसेल तर तिन्ही योजनांच्या वेबसाइटवर जाऊन शोधा. आडनाव, घराचा पोस्टकोड, भाडेकरार सुरू झाल्याची तारीख आणि डिपॉझिटची रक्कम एवढ्या माहितीवर नोंद सापडते. आडनावाचं स्पेलिंग एजन्सीने चुकवलेलं असू शकतं. मराठी आडनावांच्या बाबतीत हे फार होतं, तेव्हा वेगवेगळी स्पेलिंगं घालून पाहा.

योजना दोन प्रकारच्या असतात आणि पुढची पावलं त्यावर ठरतात. कस्टोडियल प्रकारात पैसे योजनेच्या खात्यात असतात. तिथे तुम्ही स्वतःच ऑनलाइन परताव्याची मागणी करू शकता, एजन्सीची वाट पाहायची गरज नाही. इन्शुअर्ड प्रकारात पैसे एजन्सीकडे किंवा मालकाकडेच असतात आणि योजना फक्त हमी देते. तिथे आधी एजन्सीकडे लेखी मागणी करायची, साधारण १० दिवस उत्तराची वाट पाहायची आणि मग योजनेकडे वाद नोंदवायचा. इन्शुअर्ड प्रकारात भाडेकरार संपल्यापासून ३ महिन्यांच्या आत वाद नोंदवावा लागतो. ‘आम्ही मालकाशी बोलतोय, जरा थांबा’ असं म्हणत एजन्सी आठवडे काढते, त्यात ही मुदत निघून जाते आणि योजनेचा मोफत मार्ग बंद होतो. घर सोडल्याच्या दिवशीच ही तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

डिपॉझिट कुठेच नोंदवलेलं नसेल किंवा ३० दिवसांनंतर नोंदवलेलं असेल, तर तुमची बाजू उलट भक्कम होते. २००४ च्या हाउसिंग ॲक्टच्या कलम २१४ नुसार भाडेकरू काउंटी कोर्टात, म्हणजे स्थानिक दिवाणी न्यायालयात, जाऊ शकतो. कोर्ट डिपॉझिटच्या १ ते ३ पट रक्कम भरपाई म्हणून द्यायला लावतं. एजन्सीला लिहिलेल्या पत्रात या कलमाचा उल्लेख झाला की कपातीची यादी पुष्कळदा आपोआप आखूड होते.

हे संरक्षण सगळ्यांना नाही. घरमालक त्याच घरात राहत असेल आणि तुम्ही त्याच्याकडे एक खोली घेऊन राहत असाल, तर तुम्ही लॉजर ठरता आणि डिपॉझिट योजनेत ठेवण्याची सक्ती नसते. विद्यापीठाच्या हॉस्टेललाही सहसा हे नियम लागत नाहीत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये योजना आणि मुदती वेगळ्या आहेत. इथलं सगळं इंग्लंडपुरतं आहे.

एजन्सीला पहिलं पत्र

फोनवर बोलू नका. बोलावंच लागलं तर नंतर ‘आज फोनवर तुम्ही असं म्हणालात’ असा ईमेल पाठवून ठेवा. पहिल्या पत्रात कारणं देत बसू नका, फक्त मागण्या लिहा. प्रत्येक कपातीसाठी वेगळी रक्कम आणि ती करारातल्या कोणत्या कलमाखाली कापली ते विचारा. घरात आलात तेव्हाची इन्व्हेंटरी (घरातल्या वस्तूंची आणि त्यांच्या अवस्थेची यादी), निघताना केलेला चेकआउट रिपोर्ट, दोन्ही वेळचे तारखेसह फोटो, आणि खर्चाची बिलं किंवा कोटेशनं मागा. ज्या वस्तूचे पैसे मागितले आहेत ती कधी आणि कितीला घेतली होती, हेही विचारा. उत्तरासाठी ७ दिवस द्या. ज्या रकमेवर वादच नाही ती लगेच परत करा, असं स्पष्ट लिहा. डिपॉझिट १,५०० पौंड असेल आणि कपात ४०० ची असेल, तर उरलेले १,१०० अडवून ठेवायचं काही कारण नाही.

त्या १,१०० सोबत ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड’ असे शब्द आले, तर त्याच दिवशी लिहून कळवा की ही रक्कम तडजोड म्हणून घेतलेली नाही, बाकीवर वाद कायम आहे. योजनेच्या वेबसाइटवरही एजन्सीने सुचवलेल्या आकड्याखाली ‘मान्य’चं बटण असतं. घाईत ते दाबून गेलेले पैसे परत आणणं जवळजवळ अशक्य असतं.

कपात तपासण्याच्या तीन चाळण्या

पहिली चाळणी: तुम्ही आलात तेव्हा ती गोष्ट कशी होती? सुरुवातीच्या इन्व्हेंटरीत ‘कार्पेट: फिकट डाग, दारापाशी झिजलेलं’ असं लिहिलं असेल, तर नव्या कार्पेटचे पैसे मागता येत नाहीत. इन्व्हेंटरीच नसेल तर तुलना कशाशी करणार? मग दावा टिकणं फार अवघड. इन्व्हेंटरी तुम्हाला पाठवली होती का, तुम्ही त्यावर सही केली का, सात दिवसांत काही दुरुस्त्या कळवल्या होत्या का, हे जुने ईमेल काढून पाहा. राहायला गेल्यावर आईबाबांना घर दाखवायला काढलेला व्हॉट्सॲप व्हिडिओसुद्धा इथे कामाला येतो. त्यात मागच्या भिंतीवरचा तडा दिसत असतो.

दुसरी चाळणी: हे नुकसान आहे की वापराची झीज? माणसं राहिली की घर झिजतंच आणि त्या झिजेचे पैसे भाड्यात आलेले असतात. येण्याजाण्याच्या वाटेवर दबलेलं कार्पेट, उन्हाने उडालेला पडद्याचा रंग, स्विचभोवतीचा मळकट वर्तुळाकार ठसा, बाथटबच्या कडेचं पिवळं पडलेलं सीलंट, ही झीज. इस्त्रीने जळालेला त्रिकोण, फुटलेलं सिरॅमिक, भिंतीत न विचारता ठोकलेले आठ खिळे, हे नुकसान. मधल्या गोष्टींत किती जण किती काळ राहिले, हे मोजलं जातं. दोन लहान मुलांसह चौघांचं कुटुंब तीन वर्षं राहिलं असेल, तर त्या घराकडून एकट्या माणसाने सहा महिने वापरलेल्या घराइतकी अपेक्षा ठेवता येत नाही. भाडेकरारात मुलांची नावं होती म्हणजे मालकाने ते जाणूनच घर दिलं होतं.

तिसरी चाळणी सगळ्यात उपयोगाची, आणि बहुतेक लोक तिथवर पोहोचतच नाहीत. नुकसान खरोखर तुमच्याकडून झालं असलं तरी जुन्याच्या बदल्यात नवं मागता येत नाही. घरमालकाचं नुकसान भरून यावं, त्याचा फायदा होऊ नये, हे तत्त्व आहे. म्हणून वस्तूचं उरलेलं आयुष्य मोजायचं.

कार्पेट बसवायला ६४० पौंड लागले होते. साधारण दर्जाचं, म्हणून आयुष्य ८ वर्षं धरू. म्हणजे वर्षाला ८० पौंडांची घट. तुम्ही निघालात तेव्हा कार्पेट ५ वर्षांचं होतं, ३ वर्षं उरली होती. ते पूर्ण वाया गेलं असं मानलं तरी हक्काची रक्कम ३ गुणिले ८०, म्हणजे २४० पौंड. एजन्सी मागत होती ६४०. डाग एकाच कोपऱ्यात असेल आणि साफ होण्यासारखा असेल, तर आधी साफसफाईचा खर्च, मग तुकडा बदलण्याचा खर्च, आणि अगदीच इलाज नसेल तर पूर्ण कार्पेट, असा क्रम असतो. रंगाचं आयुष्य कार्पेटहून कमी. ५ वर्षं धरलं आणि रंग ४ वर्षांपूर्वीचा असला, तर ३०० पौंडांच्या रंगकामातले तुमच्याकडून फार तर ६० येतात. वस्तू किती जुनी आहे हे मालकाला सांगताच आलं नाही तर तो दोष त्याचा. आणि खरेदीची पावती मागितल्यावर शांतता पसरली, तर उत्तर मिळालं असं समजा.

नेहमी दिसणाऱ्या कपाती

साफसफाईवरून सगळ्यात जास्त वाद होतात. टेनंट फीज ॲक्ट २०१९ हा १ जून २०१९ पासून लागू आहे. त्यामुळे ‘जाताना व्यावसायिक कंपनीकडूनच साफसफाई करून घ्या आणि पावती दाखवा’ अशी सक्ती इंग्लंडमध्ये करता येत नाही. घर आलात तेव्हा होतं तितकं स्वच्छ परत द्यायचं, एवढंच तुमच्यावर बंधन आहे. स्वतःच्या हाताने केलंत तरी चालतं. पण सुरुवातीच्या इन्व्हेंटरीत ‘व्यावसायिक दर्जाची स्वच्छता’ असं लिहिलं असेल आणि ओव्हनच्या आत करपलेलं तेल सोडून तुम्ही निघालात, तर ओव्हनचे पैसे द्यावे लागतील. फक्त ओव्हनचे, सगळ्या घराचे नाहीत. १८० पौंडांचं सरसकट बिल आलं तर खोलीनिहाय विभागणी मागा.

आपल्या स्वयंपाकघराविषयी थोडं स्पष्ट लिहायला हवं. फोडणीच्या तेलाचा थर एक्झॉस्टच्या जाळीत आणि वरच्या कपाटांच्या कडांवर बसतो. पांढऱ्या ओट्यावर हळदीचे डाग पडतात. चेकआउट करणारा माणूस पहिल्यांदा तिथेच पाहतो. जाळी काढून गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि खायचा सोडा घालून भिजत ठेवा. हळदीच्या डागावर सोड्याचा लेप लावा. हळदीचा रंग उजेडात फिका पडतो, म्हणून हे काम शेवटच्या रात्री न करता आठवडाभर आधी करा. कडक पाण्याच्या भागात नळांवर आणि शॉवरच्या काचेवर पांढरा क्षार साचतो, त्यासाठी व्हिनेगर पुरतं. ‘मसाल्याचा वास’ म्हणून लावलेली रक्कम आली, तर चेकआउट रिपोर्टमध्ये त्याच दिवशी वासाची नोंद आहे का ते पाहा. नंतर सुचलेल्या वासाला किंमत नसते.

बुरशीचं खापर भाडेकरूवर फोडायची सवय एजन्सींना फार. ‘खिडक्या उघडल्या नाहीत, घरात कपडे वाळवले’ असं लिहितात. बाथरूमचा पंखा बंद होता, भिंतीतून ओल येत होती, हे तुम्ही आधी लिहून कळवलं असेल तर तेच ईमेल तुमचा पुरावा. कळवलंच नसेल तर बाजू कमकुवत होते, कारण बिघाड वेळेत कळवणं हे भाडेकरूचं काम आहे.

चेकआउट फी, ॲडमिन फी, इन्व्हेंटरी फी, रेफरन्सची फी या नावाने डिपॉझिटमधून काहीही कापता येत नाही. त्या फी घेण्यावरच बंदी आहे. हरवलेल्या किल्लीचा खर्च घेता येतो, पण करारात तशी तरतूद असेल तर आणि वाजवी खर्चाचा लेखी पुरावा देऊनच. बंदी असलेली फी घेतल्याची तक्रार कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाकडे करता येते. पहिल्याच उल्लंघनाला ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

डिपॉझिट मुळातच जास्त घेतलं होतं का, हेही पाहून घ्या. वार्षिक भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर कमाल ५ आठवड्यांचं भाडं, ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर ६ आठवड्यांचं. महिना १,३०० पौंड भाडं असेल तर वर्षाचं १५,६००, भागिले ५२ म्हणजे आठवड्याला ३००, म्हणजे कमाल डिपॉझिट १,५००. चार आठवड्यांचा महिना धरून हिशेब केला तर आकडा चुकतो.

जे खरंच देणं आहे ते देऊन टाका

थकलेलं भाडं, तुम्ही फोडलेला आरसा, हरवलेली किल्ली हे नाकारू नका. सगळंच नाकारणाऱ्याचं खरं म्हणणंही संशयाने वाचलं जातं. उलट ‘आरशाचे २५ पौंड मान्य, कार्पेटचे २४० पेक्षा जास्त अमान्य, रंगाचे ६० मान्य, साफसफाई पूर्ण अमान्य’ असा मुद्देसूद प्रतिप्रस्ताव पाठवा. कितीतरी वाद इथेच मिटतात. कार्पेटचा हिशेब कागदावर मांडून आला की समोरच्यालाही कळतं, पुढे योजनेचा माणूस हाच हिशेब करणार आहे.

योजनेकडे वाद नोंदवताना

ही सेवा मोफत आहे. वकील लागत नाही, कुणी घर बघायला येत नाही, सुनावणी होत नाही. ॲडज्युडिकेटर, म्हणजे योजनेचा निवाडा करणारा माणूस, फक्त दोन्ही बाजूंनी पाठवलेले कागद वाचून निर्णय देतो. त्यामुळे जे पाठवलं नाही ते घडलंच नाही, असं धरून तयारी करा.

एजन्सीच्या यादीतल्या क्रमानेच मुद्दे लिहा. प्रत्येक मुद्द्याखाली मागितलेली रक्कम, तुम्हाला मान्य असलेली रक्कम, कारण दोन-तीन वाक्यांत, आणि पुराव्याचा क्रमांक. फाइलींना ‘आयएमजी ४५३२’ अशी नावं ठेवू नका, ‘मुद्दा ३, हॉल कार्पेट, राहायला आल्याच्या दिवशी’ असं नाव द्या. चाळीस फोटोंपेक्षा प्रत्येक मुद्द्याला दोन फोटो चांगले: एक लांबून, जागा ओळखू येईल असा, आणि एक जवळून. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोची मूळ तारीख निघून जाते, म्हणून फोनमधली मूळ फाइल द्या. एजन्सीचे लोक किती उर्मट होते, हे लिहू नका. राग समजण्यासारखा आहे, पण निर्णय फक्त पैशांचा असतो.

एजन्सीने नंतर पाठवलेला पुरावा नीट तपासा. चेकआउट रिपोर्टची तारीख तुम्ही निघाल्यानंतर तीन आठवड्यांची असेल, मध्ये दुसरे भाडेकरू किंवा कामगार येऊन गेले असतील, तर त्या डागांचा संबंध तुमच्याशी जोडता येत नाही. बिल दुसऱ्याच पत्त्याचं निघणं, एकाच भिंतीचे पैसे साफसफाईत आणि रंगकामात असे दोनदा लावणं, या चुका सापडतात.

सगळे कागद पोहोचले की साधारण २८ दिवसांत निर्णय येतो. तो अंतिम असतो. ‘मला पटलं नाही’ म्हणून दाद मागता येत नाही. दुसऱ्या बाजूने ठरावीक मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर कस्टोडियल योजनेत एकतर्फी दाव्याची सोय असते. हवेत विरलेल्या मालकांसाठी ती फार मोलाची आहे.

चार मित्रांचं एकत्र घर

करार एकत्र असेल तर डिपॉझिटही एकच असतं आणि एकाच्या खोलीतलं नुकसान सगळ्यांच्या वाट्याला येतं. योजनेत एक लीड टेनंट, म्हणजे सगळ्यांचा प्रतिनिधी भाडेकरू, नोंदलेला असतो आणि वाद सहसा त्याच्यामार्फतच नोंदवावा लागतो. तो नोकरी लागून दुसऱ्या शहरात गेला आणि ईमेल बघेनासा झाला, की बाकीचे तिघे अडकतात.

त्याहून मोठी गफलत मध्येच माणूस बदलताना होते. जाणाऱ्याला येणारा आपसात ३७५ पौंड देतो, एजन्सीला कुणी सांगत नाही आणि योजनेत जुनंच नाव राहतं. दोन वर्षांनी परतावा जुन्या मित्राच्या नावाने निघतो आणि आधीच्या माणसाने पाडलेले डाग नव्याच्या डोक्यावर येतात. बदल करताना एजन्सीकडून लेखी बदल करून घ्या. त्यासाठी करार बदलण्याचे ५० पौंड मागितले जाऊ शकतात, त्याहून जास्त हवे असतील तर खर्च वाजवी असल्याचं त्यांनी दाखवावं लागतं. त्या दिवशी खोलीचे फोटोही काढा.

कोर्स संपवून भारतात परतणाऱ्यांना एजन्सी सर्रास गृहीत धरते, की हे काही इतक्या लांबून भांडणार नाहीत. पण सगळं काम ऑनलाइन होतं, ठाण्यात बसूनही करता येतं. फक्त इंग्लंडमधलं बँक खातं पैसे जमा होईपर्यंत बंद करू नका आणि विद्यापीठाचा ईमेल पत्ता बंद होण्याआधी योजनेत स्वतःचा कायमचा पत्ता टाका.

योजनेचा मार्ग बंद असेल तर

वाद योजनेकडून सोडवून घ्यायलाच मालकाने नकार दिला, किंवा ३ महिन्यांची मुदत गेली, तर काउंटी कोर्ट उरतं. आधी १४ दिवसांची मुदत देणारं पत्र पाठवा: किती पैसे, कशाबद्दल, न दिल्यास दावा करणार. १०,००० पौंडांपर्यंतचे असे दावे स्मॉल क्लेम्स या सोप्या मार्गाने चालतात. दाव्याची फी भरावी लागते, जिंकलात तर ती सहसा समोरच्याकडून मिळते. कलम २१४ खालच्या दाव्याला फॉर्म आणि प्रक्रिया वेगळी असते, तो नेहमीच्या ऑनलाइन पैशांच्या दाव्यासारखा भरू नका. फॉर्म भरण्याआधी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मदत संस्थांना विचारा, दोघांचा सल्ला मोफत असतो.

दावा करायचा तर मालकाचं नाव-पत्ता हवा, आणि बऱ्याच करारांवर फक्त एजन्सीचा पत्ता असतो. लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट १९८५ च्या कलम १ नुसार, भाडं गोळा करणाऱ्या एजन्सीला तुमची लेखी मागणी मिळाल्यापासून २१ दिवसांत मालकाचं नाव आणि पत्ता द्यावाच लागतो. योग्य कारणाशिवाय न देणं हा गुन्हा आहे. म्हणून ही मागणी घर सोडण्याआधीच, भाडेकरू असतानाच करून ठेवलेली बरी.

एजन्सीच्या वागणुकीची तक्रार वेगळी: खोटी बिलं, उत्तरं न देणं, पैसे दाबून ठेवणं. इंग्लंडमधल्या प्रत्येक लेटिंग एजन्सीला तक्रार निवारण योजनेचं सभासद असावं लागतं, प्रॉपर्टी ओम्बुड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस. आधी एजन्सीकडेच लेखी तक्रार करा. ८ आठवड्यांत समाधान झालं नाही, तर त्या निवारण योजनेकडे जा. कार्पेटचे २४० की ६४० हे मात्र ती योजना ठरवत नाही. तो प्रश्न डिपॉझिट योजनेकडेच न्यायचा, आणि दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू ठेवायला हरकत नाही.